सीडीतलं गाणं जसंच्या तसं उतरवायचं, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडला, कपाटातली नाट्यगीतांची सीडी घातली आणि विंडोजमध्ये ती उघडली, की ‘ट्रॅक०१.सीडीए’, ‘ट्रॅक०२.सीडीए’ अशा फाइल दिसतात. त्या उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या की डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉपी होतात. गाडीत मात्र एकही वाजत नाही. फाइलचा आकार बघितला की उलगडा होतो. प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइटची आहे. तिच्यात गाणं नाहीच. डिस्कवर ते कुठून सुरू होतं आणि किती लांबीचं आहे, एवढीच नोंद आहे. अनुक्रमणिका घरी नेली आणि पुस्तक दुकानातच राहिलं, असा हा प्रकार.

नव्या लॅपटॉपमधून सीडीचा खण गेला, नव्या गाड्यांमधूनही जवळजवळ गेलाच. घरात शे-दोनशे सीडी असणाऱ्यांना त्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायच्या आहेत. याला ‘रिप करणं’ म्हणतात. शोधायला बसलं की डझनभर सॉफ्टवेअरची नावं समोर येतात आणि ‘याचा आवाज जास्त गोड’, ‘त्याचा बेस भारी’ असे दावेही दिसतात. ते दावे सरळ बाजूला ठेवा. डिस्कवरचे आकडे जसेच्या तसे वाचले गेले असतील, तर कुठल्याही सॉफ्टवेअरचा आवाज सारखाच असणार. निवड करायची ती दुसऱ्याच कसोटीवर: वाचलेलं बरोबर आहे की नाही, हे जे सॉफ्टवेअर तुम्हाला पुराव्यानिशी सांगतं, ते घ्या.

सीडीवर नेमकं काय असतं?

आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून तो प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये लिहायचा, डाव्या कानासाठी एक आणि उजव्या कानासाठी एक. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून हे माप बदललेलं नाही. हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. तासाभराची सीडी म्हणजे साधारण ६३५ एमबी.

हे आकडे सेकंदाला ७५ तुकडे याप्रमाणे मांडलेले असतात. या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि तो २३५२ बाइटचा असतो. इथेच खरी गोम आहे. हाच सेक्टर संगणकाच्या डेटा सीडीवर असेल, तर त्यातले २०४८ बाइट मजकुराचे असतात आणि उरलेले ३०४ बाइट सेक्टरची खूण, त्याचा पत्ता आणि चूक शोधून दुरुस्त करण्याची जादा माहिती यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत मात्र सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाचे. म्हणजे सेक्टरमध्ये ना पत्ता, ना त्याची स्वतःची पडताळणी.

डिजिटल आहे, तर मग चूक कशी होईल?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. वर्डची फाइल सीडीवरून कॉपी करताना एखादं अक्षर बदललं, असं कधी होत नाही. एक तर फाइल धड उतरते, नाहीतर ‘वाचता येत नाही’ म्हणून संगणक थांबतो. ते त्या ३०४ बाइटमुळे.

ऑडिओ सीडीवर चूक सुधारण्याची सोय अजिबात नाही असं नाही. एक खालची पातळी आहेच. आकडे डिस्कवर सलग न लिहिता विखरून लिहिलेले असतात, आणि त्यांच्यासोबत जादा अंकही असतात. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा भाग पूर्ण गेला तरी आकडे पुरते परत मिळवता येतात. त्यापलीकडे नुकसान असेल, तर सीडी प्लेयर शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्याला गाण्यात खंड पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि ऐकताना ती उत्तमच. पण कायमची नक्कल करून ठेवायची असेल, तर तीच घातक ठरते. अंदाज कुठे केला, हे कोणी सांगतच नाही.

जुन्या पोथीची नक्कल करणारे दोन लेखनिक डोळ्यांसमोर आणा. शाई उडालेल्या जागी एक जण संदर्भाने सुचेल तो शब्द लिहून मोकळा होतो. पान स्वच्छ दिसतं, वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. दुसरा त्या जागी थांबतो, पान उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचतो, दुसऱ्या प्रतीशी पाठ ताडून पाहतो, आणि तरीही नाहीच लागला तर समासात खूण करून ठेवतो. सीडी उतरवायला आपल्याला हा दुसरा लेखनिक हवा.

पुन्हा वाचणं, आणि तेही खरोखर वाचणं

काळजीपूर्वक वाचणारी सॉफ्टवेअर प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतात. दोन्ही वेळा तेच आकडे आले तर पुढे जायचं, वेगळे आले तर पुन्हा वाचायचं. विंडोजवरचं ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, ज्याला सगळे ईएसी म्हणतात, ते तर अडलेला सेक्टर १६-१६ वाचनांच्या फेऱ्यांत वाचतं. एका फेरीत ८ वाचनं जुळली तर ते मान्य करतं. सगळ्यात कडक सेटिंगला अशा पाच फेऱ्या होतात. सुरुवातीची दोन वाचनं धरून एका सेक्टरसाठी जास्तीत जास्त ८२ वाचनं. ड्राइव्हचा आवाज अचानक खाली येतो, पुढे सरकणारी पट्टी एकाच जागी अडते, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. अशा वेळी बटण दाबून डिस्क बाहेर काढू नका.

यात एक खाचखळगा आहे. बरेच ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं स्वतःच्या स्मृतीत ठेवतात, तिला कॅशे म्हणतात. सॉफ्टवेअरने ‘परत वाच’ म्हटलं की ड्राइव्ह डिस्ककडे न बघता आठवणीतलंच उत्तर देतो. ‘गॅस बंद केलास का?’ या प्रश्नाला स्वयंपाकघरात न डोकावता हॉलमधूनच ‘हो’ म्हणावं, तसं. दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा ‘हो’च येणार. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर मध्येच डिस्कवरचा दुसराच भाग वाचायला लावून ती स्मृती पुसून टाकतं आणि मगच पुन्हा विचारतं. ज्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही, त्याच्या ‘दोनदा वाचलं’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसऱ्यांच्या प्रतीशी ताडून पाहणं

ड्राइव्हने एकच चूक दोन्ही वेळा सारखीच केली तर? तशी ती होऊ शकते. त्यावरचा उपाय साधा आणि फार सुंदर आहे: तीच सीडी जगात दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचलेली असते. त्याचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळतं का, ते पाहायचं.

यासाठी गाणं पाठवावं लागत नाही. गाण्याच्या सगळ्या आकड्यांपासून ठरलेल्या रीतीने एक छोटा आकडा काढतात, त्याला चेकसम म्हणू. मूळ गाण्यात एक बिट जरी बदलला तरी हा आकडा बदलतो. ‘ॲक्युरेटरिप’ नावाच्या साठ्यात असे चेकसम जमा आहेत. सॉफ्टवेअर आपला आकडा त्यांच्याशी ताडून सांगतं, की एवढ्या जणांना हेच उत्तर मिळालं होतं. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळे ओरखडे असलेल्या डिस्कवर तंतोतंत तीच चूक होणं जवळजवळ अशक्य. म्हणून पाच-सहा जणांशी जुळलं की तो ट्रॅक निर्धास्त मानावा.

‘क्यूटूल्स’ नावाच्या सॉफ्टवेअरचा साठा एक पाऊल पुढे आहे. त्यात दुरुस्तीपुरती जादा माहितीही ठेवलेली असते. तुमच्या डिस्कची नोंद त्यात असेल आणि नुकसान थोडं असेल, तर बिघडलेले आकडे चक्क दुरुस्त करून मिळतात.

जुळवणीआधी एक गोष्ट सांभाळावी लागते, तिचं नाव ऑफसेट. ऑडिओ सेक्टरमध्ये पत्ता नसल्यामुळे प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरलेल्या जागेच्या थोडा अलीकडे वा पलीकडे वाचायला सुरुवात करतो. शिंप्याच्या टेपचं टोक थोडं कापलेलं असलं की प्रत्येक माप तेवढंच सरकतं, तसं हे. सरक ठरलेली असते, म्हणून दुरुस्तही करता येते. अनेक ड्राइव्हची दुरुस्ती +६ असते, काहींची +६६७. हे आकडे नमुन्यांचे, म्हणजे त्या ४४,१०० पैकी. ६६७ म्हणजे सेकंदाचे फक्त १५ सहस्रांश. कानाला काहीही कळणार नाही. पण सरक दुरुस्त केली नाही, तर चेकसम एकाशीही जुळणार नाही.

तर मग कोणतं घ्यायचं?

विंडोज असेल आणि खर्च करायचा नसेल तर ईएसी. दिसायला जुनाट, सेटिंगचं जंगल मोठं, पण एकदा नीट लावलं की वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. थोडक्यात आटपायचं असेल, तर क्यूटूल्ससोबत येणारं ‘क्यूरिपर’ घ्या. तेही फुकट आहे आणि दोन्ही साठ्यांशी जुळवणी करतं.

डिस्क शंभराच्या वर असतील, तर ‘डीबीपॉवरॲम्प’ला पैसे मोजणं मला पटतं. ते आधी डिस्क वेगाने वाचतं. ॲक्युरेटरिपशी जुळलं की पुढचा ट्रॅक घेतं, आणि जुळलं नाही तरच कसून वाचायला बसतं. चांगल्या अवस्थेतल्या डिस्कवर यात बराच वेळ वाचतो. गाण्यांची नावंही ते एकाहून जास्त ठिकाणांहून आणून ताडून पाहतं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं.

मॅकवर फुकटात ‘एक्सएलडी’. त्यात ‘एक्सएलडी सिक्युअर रिपर’ ही पद्धत निवडा, ॲक्युरेटरिप आणि ‘टेस्ट बिफोर कॉपी’ चालू करा आणि लॉग, म्हणजे वाचताना काय काय झालं याची नोंद, साठवायला सांगा.

लिनक्सवर ‘व्हिपर’. ते आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, पण प्रत्येक ट्रॅक आपणहून दोनदा वाचतं. मराठी संग्रहासाठी एक सूचना: डिस्कची नोंद ‘म्युझिकब्रेन्झ’ या गाण्यांच्या नावांच्या साठ्यात सापडली नाही, तर व्हिपर काम करायला नकार देतं. अनोळखी डिस्कही उतरव, असं त्याला वेगळ्या पर्यायाने सांगावं लागतं. हे ठाऊक नसल्याने ‘ड्राइव्ह बिघडला’ असा समज होतो.

आणि संगणकासोबत आलेला प्लेयर? विंडोजच्या मीडिया प्लेयरमध्ये रिपचं बटण आहे, ॲपलच्या म्युझिकमध्येही आहे, आणि दोघांतही आवाजातलं काही न गमावणारा प्रकार निवडता येतो. कोऱ्या करकरीत डिस्कवर त्यांची फाइल ईएसीइतकीच अचूक येऊ शकते. अडचण एवढीच, की ती अचूक आली की नाही, हे सांगणारी ॲक्युरेटरिपची जुळवणी वा तपशीलवार लॉग ते देत नाहीत. दोन-चार डिस्कसाठी चालेल. आयुष्यभर जमवलेल्या संग्रहासाठी नको.

ईएसी लावताना

पहिल्यांदा सुरू केल्यावर ईएसी ड्राइव्हची तपासणी करतं. त्या वेळी ॲक्युरेटरिपमध्ये नक्की असेल अशी डिस्क हवी, म्हणजे ऑफसेट आपोआप सापडतो. इथे मराठी वा शास्त्रीय संगीताच्या सीडीने काम होईलच असं नाही. शेजारी किंवा मित्राकडून जगभर खपलेली एखादी इंग्रजी सीडी तासाभरासाठी मागून आणा. एकीने भागलं नाही तर दुसरी. काहीच मिळालं नाही, तर ड्राइव्हच्या मॉडेलनुसार ऑफसेटची यादी ॲक्युरेटरिपच्या संकेतस्थळावर आहे. तिथला आकडा हाताने भरता येतो.

ड्राइव्हच्या पर्यायांत ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. ‘ड्राइव्ह कॅशेज ऑडिओ डेटा’वर खूण करा. ती गरज नसताना असली तरी फक्त वेळ वाढतो, गरज असताना नसली तर पडताळणीच पोकळ होते. ‘सी२’ म्हणजे ड्राइव्हने स्वतःहून चूक कळवण्याची सोय. ती काही ड्राइव्हमध्ये भरवशाची नसते, म्हणून ईएसीत बंद ठेवलेली बरी. ‘नॉर्मलाइज’ हा पर्याय तर कधीच नको. तो आवाजाची पातळी बदलतो, म्हणजे आकडेच बदलतो. मग कशाशीही जुळवायला काही उरत नाही.

डिस्क घातल्यावर ‘डिटेक्ट गॅप्स’ करा, मग ‘टेस्ट अँड कॉपी’. पहिल्या फेरीत नुसतं वाचन, दुसऱ्या फेरीत वाचन आणि फाइल. दोन्ही चेकसम लॉगमध्ये शेजारी शेजारी येतात. शेवटी क्यू शीट बनवा. ही एक छोटी मजकुराची फाइल असते आणि कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो, मध्ये किती जागा आहे, हे तिच्यात असतं. पुढे कधी हुबेहूब सीडी पुन्हा बनवायची झाली, तर ती लागते. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर असतो. तिथे तंबोरा अखंड वाहिला पाहिजे. ट्रॅकच्या मधली जागा आधीच्या ट्रॅकला जोडायची, हे ईएसीचं मूळ सेटिंग तसंच ठेवा, म्हणजे तो तुटत नाही.

धड डिस्कला काही मिनिटं लागतात. ओरखडलेलीला काही तासही लागू शकतात.

लॉग कसा वाचायचा

लॉगमध्ये प्रत्येक ट्रॅकखाली काही ओळी असतात. ‘ॲक्युरेटली रिप्ड, कॉन्फिडन्स १२’ असं असेल तर बारा नोंदींशी जुळलं, विषय संपला. ‘ट्रॅक क्वालिटी ९९.८ टक्के’ दिसलं तर घाबरू नका. काही सेक्टर पुन्हा वाचावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. टेस्ट आणि कॉपीचे चेकसम सारखे असतील तर ठीक आहे. ‘सस्पिशस पोझिशन’ ही ओळ मात्र खरी धोक्याची. तिच्यासमोर वेळ दिलेली असते. त्या मिनिट-सेकंदाला जाऊन हेडफोन लावून ऐका. टिक असा बारीक आवाज, क्षणभराची शांतता किंवा चिरका सूर सापडतो का, बघा.

जुळलं नाही, तर किती ट्रॅक जुळले नाहीत यावरून निदान होतं. दहापैकी एकच जुळला नाही, तर त्या जागी ओरखडा आहे. दहाच्या दहा जुळले नाहीत, पण प्रत्येकाचे टेस्ट आणि कॉपीचे आकडे सारखे आहेत, तर बहुधा ऑफसेट चुकलाय किंवा तुमची डिस्क वेगळ्या छपाईची आहे. एकच अल्बम वेगवेगळ्या वर्षी छापला जातो आणि प्रत्येक छपाईत गाणी काही नमुने पुढे-मागे सरकतात. क्यूटूल्स अशी सरक गृहीत धरून जुळवून पाहतं, म्हणून शंका असेल तिथे त्याच्याकडून तपासून घ्यावं.

‘नॉट प्रेझेंट इन डेटाबेस’ म्हणजे ही डिस्क आजवर कोणी नोंदवलीच नाही. पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेली अभंगांची, कीर्तनांची, संगीत सभांची सीडी असेल, तर हे उत्तर यायची तयारी ठेवा. तो तुमचा दोष नाही. अशा वेळी टेस्ट आणि कॉपी जुळणं हाच पुरावा. आणखी खात्री हवी असेल, तर तीच डिस्क दुसऱ्या मॉडेलच्या ड्राइव्हवर वाचून आकडे जुळवा. ईएसीतून निकाल साठ्याकडे पाठवायची मुभा द्या. पुढच्या माणसाला त्या डिस्कसाठी तुमची नोंद सापडेल.

फ्लॅकच का?

उतरवलेलं गाणं ‘वेव्ह’ प्रकारात ठेवलं तर जागा पूर्ण लागते आणि गायक-अल्बमची माहिती नीट चिकटत नाही. ‘फ्लॅक’ हा २००१ पासूनचा, कोणाच्याही मालकीचा नसलेला प्रकार आहे. तो जागा वाचवतो, पण आकडे एकही न गमावता. हवा काढून पिशवीत दाबलेली गोधडी पुन्हा उघडली की तीच, टाक्यासहित. एमपी३ म्हणजे पेटीत बसावी म्हणून गोधडीच्या कडा कापणं.

तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होते. शंभर डिस्क ४० जीबीच्या आत बसतात. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पातळ्या असतात. त्या गुणवत्तेच्या नाहीत, फक्त दाबण्याच्या मेहनतीच्या. मूळची ५ ठेवली तरी काही बिघडत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणात दोन्ही कानांना एकच आवाज असतो, त्यामुळे अशी फाइल आश्चर्य वाटावं इतकी लहान होते. ‘फाइल लहान झाली म्हणजे काहीतरी गेलं’ असं तिथे समजू नका.

प्रत्येक फ्लॅक फाइलच्या पोटात मूळ आवाजाचा चेकसम लिहिलेला असतो. दहा वर्षांनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, तर कोणती फाइल शाबूत आहे, हे मूळ सीडीशिवायही तपासता येतं. वेव्हमध्ये ही सोय नाही. घरात सगळी ॲपलची उपकरणं असतील तर त्यांचा ‘अलॅक’ वापरा. तोही काही गमावत नाही आणि हवा तेव्हा फ्लॅकमध्ये बदलता येतो.

पण फरक ऐकू येतो का?

चांगल्या दर्जाची एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना, बहुतेक गाण्यांत ओळखता येत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. फ्लॅकमध्ये ठेवायचं कारण वेगळं आहे. एमपी३वरून पुन्हा दुसरा कुठला घटवलेला प्रकार बनवला, की नुकसानीत नुकसान होतं. फ्लॅकवरून आज फोनसाठी एक, उद्या गाडीसाठी दुसरी, पंधरा वर्षांनी येणाऱ्या एखाद्या यंत्रासाठी तिसरी प्रत काढता येते आणि प्रत्येक वेळी सुरुवात मूळ आकड्यांपासूनच होते. डिस्क एकदाच घालायची, म्हणून एकदाच नीट घालायची.

नावं कुठून येतात, आणि मराठीत का गोंधळतात?

बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्याचं नावच नसतं. सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या आणि लांबी यांवरून डिस्कला एक ओळख क्रमांक देतं आणि इंटरनेटवरच्या साठ्यात तो शोधतं. जुना ‘फ्रीडीबी’ साठा २०२० मध्ये बंद झाला. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरला आता नावंच सापडत नाहीत. सेटिंगमध्ये म्युझिकब्रेन्झ किंवा ‘जीएनयूडीबी’ असा पत्ता द्यावा लागतो. ओळख लांबीवर ठरत असल्यामुळे कधी तुमच्या अभंगांना परदेशी बँडचं नावही चिकटू शकतं.

मराठी डिस्क सापडली, तरी नावं बहुधा रोमन लिपीत आणि ज्याने भरली त्याच्या स्पेलिंगने. ‘पंडित’ कधी नावाआधी, कधी गायब. प्लेयरला ते दोन वेगळे गायक वाटतात. म्हणून उतरवण्याआधीच कव्हर हातात घेऊन नावं टाइप करा. फ्लॅकमध्ये देवनागरी व्यवस्थित बसते. फक्त गाडीतल्या काही प्लेयरना ती दाखवता येत नाही आणि तिथे चौकोन दिसतात, एवढं आधी तपासा. भावगीताला गायकाइतकेच गीतकार आणि संगीतकार महत्त्वाचे, आणि फ्लॅकमध्ये हवी ती माहितीची नवी ओळ जोडता येते. राग, ताल, साथीदार, ध्वनिमुद्रणाचं साल, जे कव्हरवर छापलंय ते सगळं आत्ताच लिहा. कव्हरचा कागद पुढच्या पावसाळ्यात चिकटला तर ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह आणि तिरपी रेघ टाळा, विंडोज ती स्वीकारत नाही.

आधी बघा, ती खरी ऑडिओ सीडी आहे ना?

आपल्याकडे एका डिस्कवर पन्नास-शंभर गाणी असलेल्या एमपी३ सीडी भरपूर विकल्या गेल्या. त्या रिप करायच्या नसतातच. डिस्क उघडली की एमपी३ फाइल दिसतात, त्या सरळ कॉपी करायच्या. त्यांना फ्लॅकमध्ये बदललं तर जागा तिप्पट-चौपट लागेल आणि कापलेलं काही परत येणार नाही.

फसगत होते ती घरी लिहिलेल्या डिस्कवर. कोणीतरी एमपी३वरून ऑडिओ सीडी बनवून दिलेली असते. ईएसी ती बिनचूक उतरवतं, पण ऐवज मुळातच घटलेला. फाइलचा आलेख ‘स्पेक’ या छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली, तर सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपी३चा संशय घ्या. जुन्या तबकड्यांवरून आलेल्या गाण्यातही वरचे सूर नसतात, पण तिथे आलेख हळूहळू विरळ होत जातो. कडा आणि उतार यांतला फरक दोन-चार आलेख पाहिले की डोळ्याला कळू लागतो. घरी लिहिलेल्या डिस्क छापील डिस्कपेक्षा लवकर खराब होतात, म्हणून त्या रांगेत पहिल्या घ्या.

हे कायद्यात बसतं का?

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी, वैयक्तिक वापरासाठीचा रास्त वापर हा हक्कभंग मानत नाही. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःला ऐकायला उतरवणं त्या चौकटीत मोडतं. त्या फाइल गटावर टाकणं किंवा विकणं मोडत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी तिथला नियम बघावा. ब्रिटनमध्ये अशी सवलत २०१४ साली आली आणि २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्दही केली.

डिस्क हट्टच धरून बसली तर

आधी धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये, कारण आवाजाची रेघ डिस्कवर गोलच फिरते. आडवा ओरखडा त्या रेघेला क्षणभर छेदतो, आणि तेवढं नुकसान दुरुस्तीच्या आवाक्यात असतं. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मोठा भाग खाऊन टाकतो. टूथपेस्ट लावून घासायच्या फंदात पडू नका.

मग डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. चकचकीत बाजूचे ओरखडे बरेचदा निभावतात, कारण आवाजाचा थर १.२ मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडे असतो. छापील बाजू नाजूक आहे. तिथे थरावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडून उजेड आरपार दिसत असेल, तर तिथला आवाज डिस्कवर उरलेलाच नाही.

त्यानंतर वाचनाचा वेग कमी करून बघा, आणि नाहीच तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह. एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा सहज वाचतो, असं पुष्कळदा होतं. यूएसबीचा पातळ ड्राइव्ह हबला न लावता थेट लॅपटॉपला जोडा. वीज कमी पडली की तो मध्येच तुटतो, आणि दोष डिस्कच्या माथी जातो.

एवढं करूनही एखादा ट्रॅक जुळत नसेल, तर तो टाकून देऊ नका. सगळे ट्रॅक, क्यू शीट आणि लॉग एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावात ‘ट्रॅक ४ शंकास्पद’ असं लिहून ठेवा. क्यूटूल्सला तपासणीसाठी सीडी लागत नाही, हा फोल्डर पुरतो. आज त्याच्या साठ्यात तुमच्या डिस्कची नोंद नसेल, पण वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी तीच डिस्क धड अवस्थेत उतरवून नोंदवली असेल, तर चौथ्या ट्रॅकमधले बिघडलेले सेक्टर तेव्हाही दुरुस्त होऊ शकतात.